लायसन आहे ना? मग काम कशाला करता?

स्थापत्य अभियांत्रिकी झाली आणि नोकरी नाही, यात वाईट वाटून घेऊ नका. सार्वजनिक बांधकाम खात्याकडे ‘सुशिक्षित बेरोजगार अभियंता’ म्हणून नाव नोंदवा. ही नोंदणी म्हणजेच लायसन, तोच तुमचा सातबारा. सरकारने छोट्या कामांच्या वाटपात ३३ टक्के बेरोजगार अभियंत्यांना, ३३ टक्के मजूर सहकारी संस्थांना आणि ३४ टक्के खुल्या ठेकेदारांना, असा हिशेब वर्षानुवर्षे चालवला. (मजूर संस्थांतल्या काही मजुरांच्या हाताला घट्टे पडतात ते स्टेअरिंगमुळे, पण तो विषय वेगळा.) आता ३४ टक्क्यांत ज्यांचं भागत नाही, ती मंडळी कुठे जाणार? तुमच्याकडेच येणार.

आणि येतात. गावातल्या एखाद्या दादांनी नवी कंपनी काढलेली असते. जेसीबी आहे, डंपर आहेत, वरपर्यंत ओळख आहे. नाही ते फक्त लायसन. “इंजिनिअर साहेब, तुम्ही काहीच करायचं नाही. नाव तुमचं, काम आमचं. दोन टक्के घरपोच.” चार वर्षं कॉलेजात आणि दोन वर्षं घरी कुणी साहेब म्हटलं नव्हतं. लगेच हो म्हणा.

पुढचं सोपं आहे. पाचशेच्या स्टॅम्पवर कुलमुखत्यारपत्र, कोऱ्या चेकबुकवर सह्या, डिजिटल सहीचा डोंगल आणि ओटीपी येणारं सिमकार्ड, सगळं दादांच्या ऑफिसातल्या पोराकडे देऊन टाका. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४२ नुसार डिजिटल सहीची किल्ली स्वतःच्याच ताब्यात ठेवण्याची काळजी घ्यावी लागते म्हणे. काम परस्पर दुसऱ्याला देऊ नये, असं करारातही छापलेलं असतं. इतकं बारीक वाचून डोळे खराब करू नका.

आता कमाई बघा. पंधरा लाखांचं काम, दोन टक्क्यांनी तुमचे तीस हजार. बिल तुमच्या खात्यात येतं, एक टक्का टीडीएस तुमच्या पॅनवर कापला जातो आणि कोऱ्या चेकवर बाकीचे पैसे दुसऱ्या दिवशी निघून जातात. प्राप्तिकर खात्याच्या लेखी मात्र पंधरा लाखांची उलाढाल तुमची. हिशेबाच्या वह्यांऐवजी ठरावीक नफा धरायची अनुमानित करयोजना घेतली तर बँकेतून आलेल्या पैशावर किमान सहा टक्के नफा धरतात, म्हणजे नव्वद हजार. मिळाले तीस, दाखवायचे नव्वद. अशी पंधरा-वीस कामं झाली की निदान सरकारदरबारी तरी तुमची गरिबी हटते.

जीएसटीची चिंता नकोच. बिलात अठरा टक्के लावलेले असतात, तेही त्याच चेकने दादांकडे पोहोचतात. ते भरले की नाही, असं विचारणं बरं दिसत नाही. नोटिसा ज्या ईमेलवर येतात तो त्या ऑफिसातल्या पोराकडेच असल्यामुळे तुमची झोपही मोडत नाही. बँकेचं खातं गोठेपर्यंत तरी नाही.

मानसन्मान वेगळाच. रस्त्याच्या कडेला फलक लागतो: कामाचं नाव, रक्कम, दोषदायित्व कालावधी (म्हणजे काम बिघडलं तर ठेकेदाराने दुरुस्त करून द्यायची मुदत) आणि ठेकेदार म्हणून तुम्ही. आईला नेऊन दाखवा, पण पावसाळ्याआधी. नंतर फलक राहतो, रस्त्याचं सांगता येत नाही, आणि गावकरी फलक वाचून शिव्या देतात. मग खात्याचं पत्र येतं: दोषदायित्व कालावधी संपलेला नाही, खड्डे स्वखर्चाने बुजवा, अन्यथा अनामत जप्त करून नाव काळ्या यादीत टाकण्यात येईल. पत्र साध्या टपालाने, घरच्या पत्त्यावर. पत्ता तेवढा दादांनी बदललेला नसतो.

दादांना फोन लावा. ते उचलतील, माणूस वाईट नाही. “साहेब, काळी यादी म्हणजे काय, तुमच्या एकट्याच्या नावावर असते. घरावर थोडीच असते?” थोडं थांबून आपुलकीने विचारतील, “धाकटे बंधू पण सिव्हिललाच ना? कितव्या वर्षाला आहेत?”