युद्धात शत्रूशी बोलणारा ‘जगातला एकमेव देश’ म्हणे भारत

“युद्ध चालू असताना शत्रूशी राजनैतिक संबंध ठेवणारा भारत हा जगातला एकमेव देश” असं सुरू होणारा मेसेज बरेच दिवस फिरतोय. मी दुर्लक्ष करत होतो. पण परवा तो आमच्या मामांनी फॅमिली ग्रुपवर टाकला, वर स्वतःचं ‘डोळे उघडा’ जोडून, आणि मामा म्हणजे रिटायर्ड हेडमास्तर, घरात त्यांचा शब्द शेवटचा, त्यामुळे खाली पोरासोरांचे धडाधड अंगठे. आता गप्प बसवत नाही.

मेसेजात पाच मुद्दे आहेत. मी क्रमाने जात नाही, सगळ्यात घातक आहे त्यापासून सुरू करतो.

मुद्दा पाच: “दिल्लीतल्या पाकिस्तान्यांना हाय कमिशनमध्येच डांबा, म्हणजे आपले कैदी आपोआप सुटतील.”

अहो मामा, इस्लामाबादेत आपलं हाय कमिशन, म्हणजे दूतावासच, आहे, त्यात आपली माणसं आहेत. आपण इकडे दार लावलं की तिकडे अर्ध्या तासात दार लागणार, एवढं तर कुणालाही कळेल. आणि याला नियम आहे. 1961 चा व्हिएन्ना करार, कलम 44: सशस्त्र संघर्ष चालू असला तरी परदेशी राजनैतिक अधिकाऱ्यांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना लवकरात लवकर देश सोडायला सोय करून द्यायची, गरज पडली तर वाहनसुद्धा आपण द्यायचं. कलम 45: संबंध तुटले तरी त्यांची इमारत, सामान, कागदपत्रं सांभाळायची, पुन्हा तेच, युद्ध असलं तरी. भारत आणि पाकिस्तान दोघेही या करारात आहेत आणि आपल्या संसदेने 1972 मध्ये त्यावर वेगळा कायदाही केलाय. म्हणजे फॉरवर्ड करणारे जो ‘उपाय’ सांगतायत तो आपलाच कायदा मोडायचा उपाय आहे.

हे करून बघितलेला देश आहे, इराण. 4 नोव्हेंबर 1979 ला तेहरानमधल्या अमेरिकन दूतावासात विद्यार्थी घुसले, 52 माणसं 444 दिवस ओलीस. मिळालं काय? पैसा गोठवला गेला, आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा निकाल विरोधात गेला आणि शेवटी सुटका झाली ती अल्जीरियाला मध्ये घालून केलेल्या बोलण्यांतून. एवढा उपद्व्याप करून टेबलावरच यावं लागलं.

लांब कशाला, आपलंच बघा. एप्रिल 1971 मध्ये कलकत्त्यातल्या पाकिस्तानी उप-उच्चायुक्तालयातल्या बंगाली अधिकाऱ्यांनी बांगलादेशची बाजू घेतली, चिडून पाकिस्तानने आपलं ढाक्यातलं कार्यालय बंद करायला लावलं आणि आपली माणसं तिथे अडकून पडली, ती ऑगस्टमध्ये स्वित्झर्लंडच्या मध्यस्थीने घरी आली. त्या लोकांना विचारायला हवं होतं ‘डांबून ठेवा’ कसं वाटतं ते.

आणि ‘आपले कैदी’ म्हणजे नेमके कोण? 1 जुलै 2025 ला, म्हणजे ऑपरेशन सिंदूरला दोन महिनेही झाले नव्हते, दोन्ही देशांनी कैद्यांच्या याद्या एकमेकांना दिल्या. 2008 चा करार आहे, दर 1 जानेवारी आणि 1 जुलैला द्यायच्याच. पाकिस्तानने सांगितलं, आमच्याकडे 53 नागरी कैदी आणि 193 मच्छीमार, भारतीय किंवा भारतीय समजले जाणारे. मच्छीमार, मामा! बोट चुकून पलीकडे गेली म्हणून धरलेले. यात गुजरातचे असतात, आपल्या पालघर-डहाणूकडचे खलाशीही असतात. त्यांना तुरुंगात जाऊन भेटायचं, ते आपलेच आहेत याची खात्री करायची, कागद करायचे हे काम इस्लामाबादमधलं तेच हाय कमिशन करतं जे तुम्हाला बंद करायचंय. मला सगळ्यात जास्त चीड या मुद्द्याची आली.

मुद्दा चार: “दर 1 जानेवारीला आपण अणुकेंद्रांची गुप्त यादी पाकिस्तानला देतो.” देतो. ते पण देतात, त्याच दिवशी, हे सोयीस्कर गाळलंय. एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही असा 31 डिसेंबर 1988 चा करार आहे, याद्या 1992 पासून चालू आहेत, कारगिलनंतरच्या जानेवारीतही दिल्या. तारापूर कुठे आहे हे शाळेच्या पुस्तकात असतं, त्यात कसलं आलंय गुपित.

मुद्दा दोन: “1971 ला इंदिराजींनी संबंध तोडले म्हणून जिंकलो.” संबंध तुटले हे खरं, तोडले पाकिस्तानने. 6 डिसेंबरला आपण बांगलादेशला मान्यता दिली आणि त्यावर चिडून त्यांनी संबंध तोडले. त्यानंतर 1976 पर्यंत दोन्हीकडचं कामकाज स्वित्झर्लंडने बघितलं, म्हणजे निरोप जातच होते, फक्त पोस्टमन बदलला. आणि जिंकण्यात सैन्याइतकाच वाटा ऑगस्टमधल्या सोव्हिएत कराराचा आणि सुरक्षा परिषदेतल्या त्यांच्या व्हेटोंचा होता, ती डिप्लोमसी नाही तर काय होतं?

मुद्दा एक, ‘एकमेव देश’. इराण-इराकचं युद्ध 1980 ला पेटलं, तरी पुढे कित्येक वर्षं त्यांनी एकमेकांच्या राजधानीतले दूतावास पूर्ण बंद केले नव्हते. कोरियात जुलै 1951 ला बोलणी सुरू झाली आणि युद्धविराम झाला जुलै 1953 ला, मधली दोन वर्षं बोलणं आणि गोळीबार दोन्ही चालू. युक्रेनने 24 फेब्रुवारी 2022 ला रशियाशी संबंध तोडले, तरी त्याच जुलैत इस्तंबूलला तुर्कस्तान आणि संयुक्त राष्ट्रांना मध्ये घेऊन धान्याच्या जहाजांचा करार केला, आणि कैद्यांची अदलाबदल तर होतच राहिली. बास.

एक गोष्ट मान्य करतो, नाइलाजाने. हाय कमिशनच्या आडून हेरगिरी चालते, सगळेच देश करतात. पण त्यावरचा इलाज त्याच व्हिएन्ना करारात आहे, कलम 9, कारण न सांगता हाकला. आपण हाकलतोही. एप्रिल 2025 मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर त्यांच्या संरक्षण सल्लागारांना घालवलं, कर्मचारी 55 वरून 30 वर आणायला लावले. सरकारने दार पूर्ण लावलं नाही, फट ठेवली, आणि ती विचार करून ठेवली असणार.

राहिला मुद्दा तीन: “कारगिलमध्ये वाजपेयी एक शब्द बोलले नाहीत.” हे वाचून मी खरंच हसलो. आपल्या हवाई दलाचे फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता 27 मे 1999 ला पकडले गेले आणि 3 जूनला सुटले, आठवड्यात, ते काय मौनव्रत पाळून? 11 जूनला आपण त्यांचे लष्करप्रमुख मुशर्रफ यांच्या फोनचं रेकॉर्डिंग जगापुढे टाकलं, दुसऱ्याच दिवशी त्यांचे परराष्ट्रमंत्री सरताज अझीझ दिल्लीत आपले परराष्ट्रमंत्री जसवंतसिंह यांच्यासमोर बसले आणि आधी माघार घ्या एवढंच ऐकून परत गेले, आणि 13 जूनला आपल्या जवानांनी तोलोलिंग शिखर घेतलं. 11 जुलैला अटारीला दोन्हीकडचे डीजीएमओ, म्हणजे लष्करी कारवायांचे महासंचालक, भेटले, माघारीचं कसं-कधी ठरवायला. ऑपरेशन सिंदूरच्या वेळी 10 मे 2025 ला दुपारी 3:35 ला त्यांच्या डीजीएमओचा फोन आला तो याच व्यवस्थेतून, आणि त्याच संध्याकाळी पाचपासून गोळीबार थांबवायचं ठरलं. मामा, यातला नेमका कुठला फोन आपण उचलायला नको होता, तेवढं ग्रुपवर लिहा.