दोन किलो जेल टाकून महिनाभर पाणी बंद? आधी हिशेब करा

"एकरी दोन किलो हायड्रोजेल टाका, टोमॅटो-वांग्याला महिनाभर पाणी नको. ठिबक काढून टाका. पावडर महाग वाटली तर डायपर फाडून आतली जेल वापरा. काळ्या जमिनीत दुप्पट फायदा. कुंडीत मूठभर पुरे." हा मजकूर घरच्या ग्रुपवर आला आणि काकांनी ठिबकच्या नळ्या गुंडाळायला काढल्या. म्हणून हे उत्तर. हायड्रोजेल म्हणजे पाणी शोषून जेलसारखी फुगणारी पावडर.

"महिनाभर पाणी नको." पावडर वजनाच्या ४०० पट पाणी धरते, असं धरून चालू. दोन किलोंत झालं ८०० लिटर. उन्हाळ्यात भरात आलेला टोमॅटो दिवसाला ५ मिलिमीटर, म्हणजे चौरस मीटरला ५ लिटर, पाणी सहज घेतो. एकर म्हणजे सुमारे ४,००० चौरस मीटर, म्हणजे रोजचं २०,००० लिटर. तुमची जेल पुरते तासभर! तेही तुम्ही पाणी दिलंत तर, कारण जेल पाणी तयार करत नाही, दिलेलं धरते.

शिवाय ४०० पट हा आकडा शुद्ध पाण्याचा. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जेलच्या रेणूंच्या साखळ्या एकमेकींना बांधून टाकतात, ती धड फुगतच नाही. धारणशक्ती पाव हिश्श्यावर किंवा त्याहूनही खाली येते. ठिबकमधून कॅल्शियम नायट्रेट सोडलंत तर फुगलेली जेलही आकसते.

"डायपरमधली जेल." हे सगळ्यात घातक. ती सोडियमची असते, शेतीसाठीची बहुधा पोटॅशियमची. जमिनीतलं कॅल्शियम जेलमध्ये शिरतं आणि सोडियम मातीत उतरतं. आधीच चोपण (सोडियम साचून घट्ट, निचरा न होणाऱ्या) होत चाललेल्या रानात हे मुद्दाम का घालायचं? आणि वापरलेला डायपर म्हणजे मैला. तो पालेभाजीच्या वाफ्यात?

"काळ्या जमिनीत दुप्पट." उलट आहे. भारी काळी जमीन मुळातच पाणी धरते, तिथं अडचण निचऱ्याची. जेलचा उपयोग वाळूसर, मुरमाड, हलक्या रानात.

"कुंडीत मूठभर." नको. मिश्रणाच्या लिटरला १ ते २ ग्रॅम, म्हणजे १० लिटरच्या कुंडीला १० ते २० ग्रॅम कोरडी पावडर. जास्त झाली की माती फुगून रोप वर उचललं जातं, मुळांना हवा मिळत नाही, मूळकूज होते. पावडर सगळ्या मातीत सारखी मिसळा. वर राहिलेली उन्हानं लवकर खराब होते. काठाखाली ४-५ सेंटिमीटर जागा सोडा.

एक गोष्ट मान्य करावी लागते: एकरी १ ते २ किलो हे प्रमाण हवेतून आलेलं नाही. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या सेल्युलोज-आधारित पुसा हायड्रोजेलची शिफारस हेक्टरी २.५ ते ५ किलोच आहे. पण ती पाण्याच्या पाळ्या कमी करण्यासाठी, बंद करण्यासाठी नव्हे. आणि पावडर कोरड्या बारीक मातीत मिसळून ओळीत, मुळांजवळ द्यायची, रानभर फेकायची नाही. उगवण आणि पुनर्लागवडीच्या नाजूक दिवसांत तिचा खरा आधार होतो.

विकत घेण्याआधी १ ग्रॅम पावडर तुमच्याच विहिरीच्या एक लिटर पाण्यात चार तास ठेवा, कापडातून गाळा, वजन करा. शेजारी पावसाच्या पाण्यातही तेच करा. काका, नळ्या तोवर जागेवरच राहू द्या.