माशी कुठे शिंकली

"मी पुढच्या महिन्यात मुंबईला शूटिंगला चाललोय," असं मी घरात जाहीर केलं, तेव्हा आईने विचारलं, "कुठल्या मालिकेच्या?"

चूक तिची नव्हती. कोल्हापुरात शूटिंग म्हटलं की आधी कॅमेराच आठवतो. इथे निम्म्या लोकांच्या आजोबांनी जयप्रभा स्टुडिओत कधीतरी मावळ्याचं काम केलेलं असतं आणि उरलेल्यांच्या आजोबांनी ते उभं राहून बघितलेलं असतं. आठवडाभरात गल्लीत बातमी पसरली की मला इन्स्पेक्टरचं काम मिळालंय, पिस्तूलसुद्धा घरी आलंय. भाजीवाल्या मावशींनी पावशेर मिरच्या जास्त घातल्या आणि म्हणाल्या, "आमच्या पोराला कुठंतरी गर्दीत उभं करा की." आता त्यांना काय सांगणार? मला स्वतःलाच अजून धड उभं राहता येत नव्हतं.

या सगळ्याला कारण १ ऑगस्ट २०२४ ची दुपार. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे पॅरिसला पन्नास मीटर रायफलच्या फायनलमध्ये उभा होता आणि आमच्या बँकेचे चार काउंटर मिळून एका मोबाइलभोवती उभे होते. ४५१.४ गुण, कांस्यपदक. १९५२ ला हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी कुस्तीत पदक आणलं, त्यानंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या माणसाचं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. शाखेत पेढे वाटले. पेढा खाताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. या स्पर्धेत खेळाडू आधी गुडघ्यावर बसतो, मग चक्क पालथा पडतो आणि शेवटी उभा राहतो. पालथं पडून खेळायचा खेळ! अठ्ठेचाळीस वर्षं ज्याचा सराव केला, त्याला पदक मिळतं हे मला कुणी आधी सांगितलंच नव्हतं.

मीही शिकायचं ठरवलं. नेमबाजीच्या रेंजवर गेल्यावर कळलं की रायफल, तिचं ते जाडजूड जॅकेट, पँट, बूट या सगळ्याचा खर्च आमच्या बाथरूमच्या दुरुस्तीएवढा आहे. "काका, तुम्ही एअर पिस्तूल सुरू करा," कोच मॅडम म्हणाल्या. मॅडमचं वय चोवीस. त्या मला काका म्हणतात, मी त्यांना मॅडम. एअर पिस्तूल दहा मीटरवरून, एका हाताने आणि फक्त उभ्याने. पडायची सोय नाही. पतसंस्थेतून कर्ज काढून एक सेकंडहँड पिस्तूल घेतलं. कर्जाच्या अर्जावर कारण 'घरदुरुस्ती' लिहिलं. साडेचार मिलिमीटरच्या हवेच्या पिस्तुलाला परवाना लागत नाही, पण बायकोची परवानगी लागते, हे कायद्यात लिहायचं राहून गेलंय.

या खेळात करायचं काय, तर हलायचं नाही. एवढंच. ज्या माणसाला लग्नाला बावीस वर्षं झाली तरी रोज सकाळी "अहो, जरा हला की" ऐकावं लागतं, त्याला संध्याकाळी एक मुलगी सांगते, "काका, हलू नका." पिस्तूल जेमतेम किलोभर वजनाचं. किलोभर साखर आपण दुकानातून सहज आणतो, पण तीच साखर हात सरळ पुढे धरून मिनिटभर उभं राहून आणा, मग बोलू. समोरच्या कागदावरचं दहा गुणांचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. पहिल्या दिवशी दहा गोळ्यांत मला शंभरपैकी एकतीस मिळाले. "छान," मॅडम म्हणाल्या, "एकही भिंतीला लागली नाही."

हात स्थिर व्हावा म्हणून सकाळी लिटरची पाण्याची बाटली हातात धरून उभं राहायचं. मला बाटली सापडली नाही, म्हणून दारात आलेली दुधाची पिशवी घेऊन गॅलरीत पूर्वेकडे तोंड करून उभा राहिलो. हात ताठ, श्वास अर्धा सोडून धरलेला, नजर एका जागी. समोरच्या घरातल्या काकूंनी खाली येऊन आईला विचारलं, "यांनी सूर्याला दुधाचं अर्घ्य कधीपासून सुरू केलं? कसला त्रास आहे काय?" तिसऱ्या दिवशी आपोआप आमच्या उंबऱ्याशी एक अंगाऱ्याची पुडी आली.

खरी तयारी मात्र घरात, भिंतीसमोर. त्याला ड्राय फायरिंग म्हणतात. पिस्तुलात छर्रा, म्हणजे पेलेट, नाही, हवा नाही, नुसता चाप ओढायचा. दोनशे वेळा. आधी पांढऱ्या भिंतीवर, मग एका ठिपक्यावर. ठिपका कुठून आणायचा म्हणून मी बायकोच्या पाकिटातली एक काळी टिकली काढून भिंतीला चिकटवली. छातीच्या उंचीवर, दिवाणखान्याच्या बरोबर मधोमध. संध्याकाळी ऑफिसमधून आल्यावर बायको पर्स खाली ठेवायच्या आधी म्हणाली, "ही कुणाची?"

"तुझीच."

"मी असली मोठी लावते?"

त्यानंतरचा अर्धा तास मी जे स्पष्टीकरण दिलं त्यात माझा हात जितका थरथरला, तितका स्पर्धेतसुद्धा थरथरला नसेल. शेवटी ती टिकली तिची धाकटी बहीण दिवाळीत विसरून गेली होती, असं निष्पन्न झालं. त्या दिवसापासून आमच्या घरी नेम धरायची टिकली बायको स्वतः निवडून, मोजून देते.

आता माशीबद्दल. पिस्तुलाच्या नळीच्या टोकावर जो छोटा उंचवटा असतो, त्याला रेंजवरची पोरं 'फ्रंट साइट' म्हणतात. आमच्या खालच्या मजल्यावरचे सुभेदार काका मात्र त्याला माशी म्हणतात आणि तोच शब्द खरा. नेमबाजीचं अर्धं शास्त्र या माशीत आहे. डोळ्याला एका वेळी एकच अंतर स्पष्ट दिसतं. मागची खाच, टोकाची माशी आणि दहा मीटरवरचा काळा गोल, या तिघांपैकी बघायचं कुणाकडे? नवशिका गोलाकडे बघतो, कारण मारायचं तिथे. ते चूक. बघायचं माशीकडे. गोल धूसर दिसला पाहिजे, कापूस ओला करून ठेवल्यासारखा, आणि माशी सुईसारखी लख्ख. गोलाकडे नजर गेली की इकडे माशी कणभर सरकते आणि तिकडे तोच कण दहा मीटरवर बोटभर होतो. "काका, निकाल बघू नका, माशी बघा," मॅडम दर गोळीला सांगायच्या. गोळी सहाच्या रिंगणात गेली की सुभेदार काका बोर्डाकडे न बघताच म्हणायचे, "माशी शिंकली." इतकी वर्षं आपण ही म्हण वापरतो, पण माशी नेमकी कुठे शिंकते ते मला तेव्हा कळलं. नळीच्या टोकावर.

पण माझी माशी मला दिसेचना. अठ्ठेचाळीसाव्या वर्षी हाताच्या टोकावरची बारीक वस्तू दिसण्याची अपेक्षा करणं हा तसा उद्दामपणाच. चाळिशी लावली तर हातभर अंतरापलीकडचं सगळं पाण्यात बुडाल्यासारखं, काढली तर माशीला जावळ फुटल्यासारखं. चष्म्याच्या दुकानात गेलो.

"वाचायचा हवा की लांबचा?" त्या पोराने विचारलं.

"मधला."

"मधला म्हणजे कॉम्प्युटरचा?"

"नाही. हात लांब केल्यावर पिस्तूल जिथं संपतं तिथला."

त्याने खुर्ची जराशी मागे घेतली. मला वाटलं नीट समजावून सांगावं, म्हणून मी उजवा हात सरळ केला, दोन बोटांचं पिस्तूल केलं आणि एक डोळा मिटून त्याच्या कपाळावर नेम धरला. "इथं, या बोटाच्या टोकापासून थोडं पुढं मला स्पष्ट दिसलं पाहिजे. तुम्ही धूसर दिसला तरी चालेल." मागे रांगेत बसलेल्या बाई उठून बाहेर गेल्या. चष्मा छान झाला पण. नाकापासून हातभर अंतरावरचं जग हिऱ्यासारखं दिसायचं, अलीकडचं नाही, पलीकडचं नाही. तो घालून मी एकदा रस्ता ओलांडायला गेलो, ते सोडून द्या.

मग गोळीचा घोळ. मला रक्तदाबाची गोळी चालू आहे. मॅडमनी सहज चौकशी केली आणि त्यांचा चेहरा उतरला. माझी गोळी बीटा ब्लॉकर जातीची निघाली. ती हृदयाचे ठोके मंद करते, हात स्थिर ठेवते, म्हणून नेमबाजीत तिला सक्त बंदी आहे. २००८ ला बीजिंगमध्ये उत्तर कोरियाच्या एका नेमबाजाची दोन पदकं असल्याच गोळीपायी काढून घेतली होती. म्हणजे इतके दिवस मी उत्तेजक घेऊन एकतीस काढत होतो! हे ऐकून मला स्वतःबद्दल भयंकर वाईट वाटलं. डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "म्हणजे गोळ्या मारायच्या म्हणून गोळी बदलायची?" आणि स्वतःच्याच विनोदावर इतके हसले की फी घ्यायला विसरतील असं वाटलं. विसरले नाहीत. गोळी बदलली, पंधरा दिवस रोज दाब मोजायला लावला. चहा मात्र मॅडमनी आधीच बंद केला होता. चहाने हात थरथरतो म्हणे. बँकेत अकराच्या चहाला मी कोमट पाणी घ्यायला लागलो, तेव्हा शाखेत कुजबूज झाली की ऑडिट लागणार आहे.

कपड्यांवरूनही झालं. बायकोने कौतुकाने मिलिटरीच्या ठिपक्यांचा टी-शर्ट आणला. असले कपडे स्पर्धेत चालत नाहीत. जीन्सही नाही. बूट घोट्याच्या वर जायला नकोत. "मग कोल्हापुरी घालू? घोटा संपूर्ण उघडा," मी विचारलं. मॅडमनी उत्तर दिलं नाही.

निघायच्या आदल्या रात्री मेहुणा आला. तो तालमीतला. त्याच्या मते कुठल्याही खेळाची तयारी म्हणजे खुराक. येताना त्याने तांबडा-पांढरा रस्सा आणि किलोभर मटण आणलं होतं. "दाजी, भरपूर हाणा. उद्या हात कसा खांबासारखा राहतोय बघा." मी म्हटलं, अरे, माझा प्रतिस्पर्धी मला उचलून आपटणार नाहीये, तो माझ्याकडे बघणारसुद्धा नाही. पण पांढऱ्या रश्शाचा वास आला आणि माझी माशी तिथे पहिल्यांदा शिंकली. चार वाट्या.

महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये रात्रभर मी पिस्तुलाची काळी पेटी उशाला घेऊन जागा होतो. निम्मं कारण पेटी, निम्मं रस्सा. मिरजेनंतर टीसी आले. समोरच्या बर्थवरच्या आजोबांनी मघापासून पेटीकडे संशयाने बघून बघून शेवटी त्यांनाच विचारलं, "साहेब, यात काय हाय ते बघा की जरा." मी खालच्या आवाजात म्हणालो, "पिस्तूल." डब्यातले सगळे पंखे एकदम बंद पडल्यासारखं झालं. टीसींनी माझ्याकडे नीट पाहिलं. पोट, चष्मा, बँकेची कापडी पिशवी.

"नेमबाजीला निघालाय?"

"वरळीला. राज्य स्पर्धा."

"आमचा स्वप्नील टीसी होता, माहितीय ना?" ते सरळ माझ्या बर्थवर बसले. "मध्य रेल्वेचा. २०१५ पासून." मग पुढची वीस मिनिटं त्यांनी स्वप्नीलबद्दल सांगितलं, घरचा पोरगा असल्यासारखं. जाताना म्हणाले, "काका, तुम्ही कितव्या नंबरला याल?" मी म्हटलं, शेवटून बघितलं तर बऱ्यापैकी वर. आजोबांनी मला त्यांच्या डब्यातली एक दशमी दिली.

सकाळी वरळीला रेंजवर पोचलो, तर तिथे शाळेची सहल आल्यासारखी पोरं. बारा, तेरा, चौदा वर्षांची. आयांच्या हातात डबे. एका आईने मला विचारलं, "तुमचा मुलगा कुठल्या डिटेलमध्ये आहे?" डिटेल म्हणजे पाळी. मी म्हटलं, "मीच." त्या सॉरी म्हणाल्या, कशाबद्दल ते दोघांनाही कळलं नाही.

मग पिस्तूल तपासणी. ही मला फार आवडली. चापाला अर्धा किलोचं वजन लटकवतात आणि पिस्तूल वर उचलतात. चाप सुटला नाही तर पास, सुटला तर बाहेर. मंडईत अर्धा किलो वांगी जोखताना मावशींचा काटा जसा हेलकावतो तसं ते वजन हेलकावलं आणि मी तितक्याच वेळ श्वास धरला, जितका मॅडमनी शिकवला होता. पास. त्या दिवसातला माझा सर्वांत स्थिर क्षण तो.

माझी लेन एकवीस. डावीकडे वीस नंबरला दोन वेण्यांची एक मुलगी, उंची माझ्या खांद्याएवढी. स्पर्धेच्या साठ गोळ्यांना पंचाहत्तर मिनिटं, त्याआधी पंधरा मिनिटं सरावाची, हव्या तेवढ्या मारा, गुण धरत नाहीत. सूचना झाली, पंधरा मिनिटं सुरू झाली. मी पाय रोवले, डावा हात खिशात घातला, छर्रा भरला, हात वर नेऊन हळूहळू खाली आणला. श्वास अर्धा सोडला. आणि काय सांगू, माशी अशी दिसली, अशी दिसली! काळी, कोरीव, चहूबाजूंनी लख्ख. बाकी सगळं धूसर. गोल धूसर, भिंत धूसर, गोलांच्या वरचे आकडे तर नुसते डाग. मॅडमचं एकेक वाक्य आठवत मी चाप ओढत नेला आणि गोळी केव्हा सुटली ते मलाच कळलं नाही. असंच सुटायला हवं म्हणतात.

चष्मा वर सरकवून समोरच्या स्क्रीनवर पाहिलं. रिकामी. गोळी गेली कुठे? मी दोनदा स्क्रीन पुसली. यंत्र बिघडलं असेल म्हणून पंचांना बोलवायला हात वर करणार, तेवढ्यात डावीकडून अगदी हळू आवाज आला.

"काका, मी अजून पेलेटच भरलं नाहीये. हे दहा तुमचे का?"