मेलेल्यांचा कप्पा

माझ्या पेटीवर परवा लेखी शेरा आला: ‘मेलेल्यांसाठी वेगळी सोय नाही.’ खाली सगळ्यांच्या सह्या. माझं डोकं अजून ठणकतंय.

पेटी म्हणजे टेबलटॉप रोलप्लेइंग गेमचं सामान ठेवायची. टेबलाभोवती बसून प्रत्येकानं एकेक पात्र व्हायचं आणि गोष्ट पुढे न्यायची, असा हा खेळ. हा खेळ म्हणे नुसत्या कल्पनाशक्तीवर चालतो. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आला, तेव्हा पुठ्ठ्याच्या खोक्यात तीन पातळ पुस्तिका होत्या. पुढे एकदा फाशांचा तुटवडा पडला, तर खोक्यातून आकडे छापलेला पुठ्ठाच दिला: तुकडे कापा, पेल्यात टाका, न बघता उचला. सुखी माणसं! आता प्रत्येकाचे सात-सात फासे. चार, सहा, आठ, बारा, वीस पैलूंचे, शिवाय दहा पैलूंचे दोन, कारण टक्केवारी काढायला एकक आणि दशक वेगळे लागतात. वर रंगवलेल्या मिनी, म्हणजे पात्रांच्या आणि राक्षसांच्या चिमुकल्या मूर्ती, चौकटींची मॅट, मार्कर, मंत्रांचे पत्ते, आणि डंजन मास्टरचा, म्हणजे खेळ चालवणाऱ्याचा, पडदा. आणि हे सगळं वाहून आणायचं कुणी? डंजन मास्टरनं. म्हणजे मी. बाकीचे हात हलवत येतात आणि पेन्सिलसुद्धा माझीच मागतात.

म्हणून पेटी केली. खणाच्या तळाला पोलादी पत्रा, प्रत्येक मिनीच्या बेसखाली निओडिमियमचं चुंबक. पेटी उलटी केली तरी ड्रॅगन ढिम्म. धातूचे फासे अगदी दुसऱ्या टोकाला, कारण ते मिनीवर आदळले की रंगाचा टवका उडालाच. अस्तर फेल्टचं. मऊ पीव्हीसी मुद्दाम टाळलं, त्यातलं प्लास्टिसायझर झिरपून शेजारचं प्लास्टिक चिकट होतं. झाकण उलटं ठेवलं की फासे टाकायचा ट्रे. यातलं एकही अक्षर कुणी विचारलं नाही, म्हणून इथे सांगून घेतोय.

पेटी खऱ्या खेळात वापरून बघायची होती. आमच्यातल्या एकाचे मेहुणे त्याला सोडायला आले आणि ‘पाच मिनिटं बघतो’ म्हणून खुर्ची ओढून थेट पेटीसमोर बसले.

“मी खेळत नाही, म्हणजे मी तटस्थ,” हे त्यांनीच जाहीर केलं.

लढाईत पहिला गॉब्लिन, म्हणजे खुजा राक्षस, पडला. मी तो उचलून खणात इतर गॉब्लिनांशेजारी लावला.

“अहो, हा मेला ना?”

“मेला.”

“मग जिवंतांत कसा ठेवलात?”

“तो गॉब्लिनांचा खण आहे.”

“पण हा आता गॉब्लिन कुठे राहिला? हा मयत.”

पुढच्या लढाईत हाच दुसरा गॉब्लिन म्हणून येणार, हे मी समजावलं. तिथेच फसलो.

“म्हणजे मेलेला इसम दुसऱ्या नावानं हजर? आणि तुम्ही ते चालवून घेता?”

“खेळ आहे हो.”

“असू दे ना खेळ. नोंद कुठे ठेवता? कोण कितव्यांदा मेला, काही वही वगैरे?”

मी मदतीच्या आशेनं टेबलाकडे पाहिलं. टेबल गंभीर झालं होतं. “मुद्दा बरोबर आहे,” आमच्यातली पुजारिणीचं पात्र खेळणारी म्हणाली. इतक्या वर्षांत माझ्या एकाही मुद्द्याला ती असं म्हणालेली नाही.

मेहुण्यांनी मग स्वतःच गॉब्लिन उचलला आणि पत्र्यावर हळूच आडवा ठेवला. चुंबक बेसमध्ये. बेसची कड पत्र्याला लागली आणि टक्! गॉब्लिन ताठ उभा.

“उठला!” मेहुणे किंचाळले.

त्यांनी परत झोपवला. परत उठला. मग सगळ्यांनी एकेक मिनी घेऊन प्रेतं झोपवायचा सपाटा लावला. खेळ बंद. मी तीन पानं लिहून आणलेली गुहा तशीच पडून राहिली, त्यातला सापळा कुणी बघितलाही नाही.

आवरायची वेळ आली तसे एकेकाला फोन यायला लागले. ज्या क्षणासाठी पेटी केली, तो हाच. एकानं धातूचे फासे थेट ड्रॅगनवर ओतले आणि ‘छान बसतंय हं’ म्हणाला. डाव्या पंखाचा हिरवा रंग गेला. विनाइलच्या मॅटवर कुणीतरी भलत्याच लाल मार्करनं रेघ मारलीय, ती आता निघायची नाही. चार पैलूंचा एक फासा जमिनीवर होता. तो नेहमी टोक वर करूनच बसतो. मी अनवाणी होतो.

अभिप्रायासाठी मी कागद दिला होता. झाकण एका हातानं उघडतं का? हलवल्यावर खडखडाट होतो का? सगळं कोरं. खाली मात्र तो शेरा, मेहुण्यांच्या वळणदार अक्षरात.

पुढच्या वेळी त्यांना खास बोलावलंय, मला न विचारता. येताना ते लेबलं छापून आणणार आहेत: जिवंत, जखमी, मयत. चौथं ‘तपास चालू’.