आठ तासांचे भाडेकरू

आमच्या कॉलेजात नेटवर्कवर कुठला कॉम्प्युटर, कुठला मोबाइल कुठल्या नंबरावर राहतो, याचा हिशेब एक जुना सर्व्हर ठेवायचा. नंबर कायमचा कुणाचाच नाही. आठ तासांच्या भाड्यानं मिळतो आणि भाडेपट्टा एका फाइलीत लिहिला जातो. डीएचसीपी म्हणजे एवढंच. बाकी सगळं गंभीर चेहरा करून सांगायचं असतं. त्या सर्व्हरवरचं जुनं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या आयएससी या संस्थेनं 2022 च्या अखेरीस त्याची देखभाल थांबवली, तेव्हा त्यांच्याच 'किया' या नव्या सॉफ्टवेअरवर जायचं ठरलं. किया हा न्यूझीलंडमधला डोंगरी पोपट. उभ्या गाड्यांचं रबर कुरतडण्यासाठी तो प्रसिद्ध आहे, हे मी नंतर वाचलं.

मे महिना, जळगाव जिल्हा. शनिवारी ऑफिस सुटल्यावर सर्व्हर रूममध्ये शिरलो. कॉलेजात एसी तिथं आणि प्राचार्यांच्या केबिनमध्येच, त्यामुळे काम अवघड आहे हे सांगताना माझा आवाज जरा जास्तच खरा लागला.

जुनी फाइल म्हणजे किराणा दुकानातली उधारीची वही. गिऱ्हाईक पुन्हा आलं की खाली नवी नोंद. एकेका नंबराच्या तीस-तीस नोंदी आणि शेवटची तेवढी खरी. कियाला हवे होते स्वल्पविरामांनी पाडलेले रकाने. सेटिंग बदलून द्यायला 'कीआमा' नावाचं अवजार मिळतं, पण ते वहीला हात लावत नाही. नवं घर दाखवणार, गाद्या-भांडी तुम्हीच वाहा.

सगळ्यात छळलं ते भाडेकरूच्या ओळखीनं. जुनी वही ती अष्टमानात, म्हणजे शून्य ते सात एवढ्याच आकड्यांत लिहिते, पण मध्येच छापण्याजोगं अक्षर आलं की तेच ठेवून देते. म्हणजे तिरकी रेघ, शून्य शून्य एक, मग एकदम इंग्रजी टी, मग उद्गारचिन्ह. किया म्हणतो, हे सगळं षोडशमानात, म्हणजे सोळाच्या मोजणीत द्या, जोडीजोडीनं. रात्री दोन वाजता कळण्याची भाकरी आणि ठेचा खात मी उद्गारचिन्हाचं षोडशमान शोधत होतो. (एकवीस. आता मरेपर्यंत विसरणार नाही.)

पहाटे फाइल तयार झाली आणि लक्षात आलं की सगळे भाडेपट्टे साडेपाच तास आधीच संपतायत. जुनी वही ग्रिनिचच्या घड्याळावर चालते. तिच्यात 13:30 लिहिलं असेल तर आपल्याकडे संध्याकाळचे सात. मी ते जळगावचे दीड धरले होते. कियाला वेळ 1970 सालापासूनच्या सेकंदांत लागते, ते सेकंद पुन्हा मोजले. रविवार दुपारपर्यंत सगळं बिनचूक झालं. किया सुरू केला, घरी जाऊन झोपलो.

सोमवारी हेडक्लार्क आप्पांना सगळं रंगवून सांगितलं. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली.

"आठ तासाचेच होते ना हे?"

"हो."

"मंग शनिवारपासून तू काय करी ऱ्हायना भो?"

मी गप्प. रविवारी दुपारी त्या फाइलीत एकही भाडेपट्टा जिवंत नव्हता. बरं, जुना सर्व्हर मुदत संपल्यावरही माणूस लक्षात ठेवायचा, शक्य असेल तर तोच नंबर परत द्यायचा. किया मुदत संपलेली नोंद आवरून ठेवतो आणि मुळातलं सेटिंग न बदलल्यास तासाभरानं पुसून टाकतो. मी अर्थातच बदललं नव्हतं.

तेवढ्यात ऑफिसातून ओरडा आला, प्रिंटर चालत नाही. प्रिंटर ठणठणीत होता, फक्त त्याचं बिऱ्हाड हललं होतं. खरं तर त्याला कायमचा नंबर राखून ठेवायला हवा होता; गेली काही वर्षं ते माझ्या 'उद्या'च्या यादीत आहे. प्रिंटर दीड दिवस बंद होता, आणि सकाळी त्याच्या आधी आलेल्या एस.वाय.च्या एका पोराच्या मोबाइलला त्याचा नंबर मिळाला होता. ऑफिसचे सगळे कॉम्प्युटर बोनाफाईड सर्टिफिकेटं त्या मोबाइलकडे पाठवत होते.

आप्पांनी हे शांतपणे ऐकून घेतलं.

"मंग त्या पोऱ्यालेच बोलाव ना भो," ते म्हणाले. "काढ म्हना प्रिंट."