अंथरुणाला खिळलेल्या ज्येष्ठांची शुश्रूषा: सरकारी की खासगी हे ठरवण्याआधी चोवीस तास कागदावर मांडा

"बाबांना उद्या डिस्चार्ज आहे. घरी माणूस पुरवणाऱ्या ब्युरोची मावशी लावू, की सरकारकडून काही मिळतं?" हा प्रश्न बहुतेक घरांत शेवटच्या दिवशी पडतो आणि घाईत मिळेल ते माणूस ठेवलं जातं. माझं मत स्पष्ट आहे: सगळ्या कामांना मिळून एक उत्तर शोधू नका, एकेक काम सुटं करून बघा.

कागदावर दोन याद्या करा. पहिलीत दर दोन तासांनी कूस बदलणं, तीन-चार तासांनी डायपर बघणं, स्पंजिंग, भरवणं, गोळ्या देणं. दुसरीत राइल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी भरवायची नळी) किंवा कॅथेटर (लघवीची नळी) बदलणं, इंजेक्शन, जखमेचं ड्रेसिंग. पहिल्या यादीला तास लागतात, दुसरीला शिक्षण.

सरकारी यंत्रणा तास देत नाही. पण दुसऱ्या यादीतला काही भार ती उचलू शकते, आणि तो आपण मागतच नाही. वयोवृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम 2010-11 मध्ये सुरू झाला. अंथरुणावरच्या ज्येष्ठांना घरी भेट देणं आणि घरच्यांना शुश्रूषा शिकवणं हे त्यात आरोग्य उपकेंद्राचं काम म्हणून लिहिलेलं आहे. गावात असाल तर आशाताईंकडे नाव नोंदवा, उपकेंद्राच्या सिस्टरांच्या भेटीचा वार ठरवून घ्या आणि कूस बदलणं, नळीतून भरवणं त्यांच्यासमोर स्वतः करून बघा. जागा रिकाम्या असतील तर भेटी चुकतात, म्हणून अर्जाची एक प्रत वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे द्या. शहरात मनपाच्या दवाखान्यात विचारा, मात्र तिथे घरभेटींची घडी गावाइतकीही बसलेली नाही.

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत आहेत, त्यामुळे बीपी-शुगरच्या गोळ्यांचा महिन्याचा खर्च तिथे वाचतो. 65 वर्षांवरील, वार्षिक कौटुंबिक उत्पन्न 2 लाखांच्या आत असलेल्यांना मुख्यमंत्री वयोश्री योजनेत एकदा 3000 रुपये मिळतात. कमोड खुर्ची किंवा वॉकरसाठी ते वापरा. 70 वरच्यांचं आयुष्मान भारत योजनेतलं वय वंदना कार्ड 5 लाखांपर्यंतच्या उपचारांचं, तेही दवाखान्यात भरती झाल्यावर. घरी ठेवलेल्या बाईचा पगार त्यातून निघत नाही.

म्हणजे तास विकतच घ्यावे लागतात, आणि फसगत इथेच होते. ब्युरोवाले "नर्स पाठवतो" म्हणतात आणि येते अटेंडंट. एएनएम किंवा जीएनएम (नर्सिंगचे अभ्यासक्रम) झालेली असेल तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागा. अटेंडंट मावशी चांगली असेल तर सोनं आहे, पण तिला इंजेक्शन द्यायला किंवा कॅथेटर बदलायला लावू नका. उलट, फक्त कूस बदलण्यासाठी महागडी नर्स ठेवण्यातही अर्थ नाही.

"चोवीस तासांची बाई" ही सोय मला मुळातच मान्य नाही. तीही माणूस आहे. दिवसभर राबून रात्री दोनला, चारला, सहाला ती उठणार नाही, उठू शकणारही नाही. कूस बदलायची राहते आणि आठवड्याभरात माकडहाडावर जखम दिसते. रात्रीचं काम असेल तर बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या करा, नाहीतर दोन फेऱ्या घरच्यांनी वाटून घ्या. सत्तर किलोचं माणूस एकटीला सरकवता येत नाही. ती ओढते आणि कातडी सोलवटते. कमरेखाली आडवी चादर घालून दोघांनी उचलायचं.

एअर बेड आणला म्हणून निर्धास्त राहू नका. गादीखाली, माकडहाडाच्या बरोबर खाली, तळहात सरकवून बघा. हाड हाताला टेकलं तर हवा कमी आहे. रोज स्पंजिंगच्या वेळी टाचा, कंबर, खुबे उजेडात बघा. लाल डाग बोटाने दाबल्यावर पांढरा पडला नाही, तर जखमेची सुरुवात झालेली आहे. त्या जागेवर वजन येऊ देऊ नका, चोळू तर अजिबात नका, आणि सिस्टरांना त्याच दिवशी कळवा. नळीतून भरवताना डोकं निदान 30 अंश वर हवं आणि नंतर अर्धा-पाऊण तास तसंच ठेवायचं. लगेच आडवं केलं तर अन्न उलटून फुप्फुसात जातं. लघवीची पिशवी कमरेच्या खाली असावी, पण जमिनीला टेकलेली नको.

ब्युरोशी बोलणं तोंडी ठेवू नका. बदली किती तासांत येईल, अनामत परत कधी, साप्ताहिक सुट्टी, जेवण कुणाचं, आणि तुम्ही देता त्यातले किती पैसे बाईच्या हातात पडतात, हे लिहून घ्या. शेवटचा प्रश्न ब्युरोला आवडत नाही, तरी विचारा. पैसे कमी मिळाले की बाई सोडून जाते आणि नवी बाई पहिल्यापासून शिकवावी लागते. पोलीस पडताळणी करून घ्या.

ज्या घराची मिळकत या पगाराला पुरत नाही, तिथे लेकीला किंवा सुनेला नोकरी सोडावी लागते. दिवसाचे निदान चार तास सरकारने अशा घरांना प्रशिक्षित हात पुरवले पाहिजेत, ही मागणी ज्येष्ठ नागरिक संघांनी लावून धरावी. तोवर योजनांची चौकशी किंवा घरातल्या छळाची तक्रार करायला 14567 ही ज्येष्ठांची हेल्पलाइन मोफत आहे.

आणि गणपतीला, दिवाळीला बायका गावी जातात. बदलीचं पंधरा दिवस आधीच विचारून ठेवा.