‘जायंट स्टेप्स’ २१ दिवसांत? आधी ते क्रेप बँडेज सोडा

रविवारी सकाळी ताईकडे डहाणूकर कॉलनीत पोहे खायला गेलो, तर भाच्याचा डावा हात मांडीवर, क्रेप बँडेजमध्ये. गाडीवरून पडलास का रे, म्हटलं, तर म्हणे, "नाही मामा, जायंट स्टेप्स." म्हणजे जॉन कोल्ट्रेनची ती अवघड, सुसाट जॅझ ट्यून. आणि मोबाइल पुढे केला. ती रील तुमच्याकडेही आली असेल, आता तर कोणीतरी तिचा मराठी मेसेज करून व्हॉट्सॅपवर सोडलाय. ‘जायंट स्टेप्स गिटारवर २१ दिवसांत’. त्यातले दावे असे: पहिल्या दिवसापासून फुल स्पीडला वाजवा, हात दुखला तरी थांबू नका कारण दुखणं म्हणजे प्रगती, खरे कलाकार ही ट्यून बघताक्षणी वाजवतात, राग येत असतील तर जॅझ आलंच समजा, आणि विशीपर्यंत गिटार हातात घेतली नसेल तर नादच सोडा. मी काही प्रोफेशनल नाही, ऑफिस सांभाळून वाजवणारा माणूस, पण या ट्यूनच्या मागे बरीच वर्षं आहे, त्यामुळे पोहे तसेच राहिले.

आधी दुखण्याचं, कारण बाकीच्या मुद्द्यांनी फार तर वेळ जाईल, याने हात जाईल. स्टीलच्या तारांनी बोटांची टोकं हुळहुळतात, घट्टे पडतात, ते सगळ्यांचंच होतं आणि आपोआप जातं. पण मनगटात कळ, अंगठ्याच्या मुळाशी ठणका, कोपरापर्यंत मुंग्या, हे वेगळं प्रकरण आहे आणि तिथे थांबायचंच. मी त्याला बँडेज सोडून नुसती गिटार धरून दाखव म्हटलं. वाजवू नको, फक्त धर. अंगठा नेकच्या, म्हणजे गिटारच्या दांडीच्या, मागे असा रुतवलेला की नखाखालचं रक्त जाऊन ते पांढरं पडलं, आणि मनगट जवळजवळ काटकोनात. या अवस्थेत हा मुलगा रोज चार तास बसत होता, दुखायला लागलं की रीलमधला तो दादा आठवून अजून जोरात! मग त्याला एकच बोट तारेवर ठेवायला लावलं, दाब हळूहळू कमी कर, तार झणझणायला लागली की किंचित वाढव, बस, तेवढाच दाब लागतो. त्याला स्वतःलाच हसू आलं, म्हणे एवढ्याशात स्वर येतो? येतो. सुजलेली शीर अजून घासली तर ती बळकट होत नाही, अजून सुजते, हे सांगायला जॅझ कशाला पाहिजे. सोमवारची फिजिओथेरपिस्टची अपॉइंटमेंट ताईने घेतलीये, तोवर गिटार कपाटावर.

आता ‘बघताक्षणी वाजवतात’. याचं उत्तर खुद्द रेकॉर्डवरच आहे, मला वेगळं काही सांगायची गरज नाही. सॅक्सोफोनवाल्या कोल्ट्रेनने ही ट्यून मे १९५९ मध्ये रेकॉर्ड केली, पियानोवर टॉमी फ्लॅनागन, म्हणजे त्या काळातला अव्वल वादक, कोणी ऐरागैरा नाही. कोल्ट्रेनचा सोलो संपतो, पियानोची पाळी येते, सुरुवातीला नीट ओळी येतात, मग तुटायला लागतात, मध्ये पोकळ्या पडतात, आणि शेवटी फ्लॅनागन नुसते कॉर्ड्स, म्हणजे एकदम दाबलेले तीन-चार स्वर, ठेवत जातो, तेवढ्यात कोल्ट्रेन परत येऊन धुरा घेतो. भाच्याला हेडफोन लावून हे ऐकवलं तर तो दोनदा मागे नेऊन ऐकत बसला. आणि कोल्ट्रेन तरी बघताक्षणी वाजवत होता का? या रेकॉर्डिंगच्या काही आठवडे आधी सीडर वॉल्टनला पियानोवर घेऊन याच ट्यूनचे टेक झालेले आहेत, ते पुढे प्रसिद्धही झाले. फ्लॅनागनने १९८२ मध्ये कोल्ट्रेनच्या स्मरणार्थ केलेल्या अल्बममध्ये ही ट्यून पुन्हा वाजवली, आणि काय वाजवलीये! मधे तेवीस वर्षं. आणि आपल्याला एकवीस दिवस.

फुल स्पीडचं गणित करून बघा. वेग मिनिटाला साधारण २९० मात्रा, चार-चार मात्रांचे सोळा बार, त्यात २६ कॉर्ड, म्हणजे सगळा फेरा तेरा-एक सेकंदांत आणि बऱ्याच कॉर्डच्या वाट्याला अर्धा सेकंदही नाही. पहिल्या दिवशी या वेगाने तुम्ही ट्यून नाही, चुका पाठ करता. हां, एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो, नुसतं हळू वाजवत राहून वेग येत नाही हे खरंय. कारण हळू वाजवताना जी बोटं चालतात ती वेगात चालतीलच असं नाही, एकाच तारेवर सातव्या फ्रेटवरून (पडद्यावरून) तिसऱ्यावर, तिथून अकराव्यावर अशा उड्या मेट्रोनोम ६० वर असताना आरामात जमतात, २९० ला हात नेकवरून सुटेल. म्हणून आधी जागा शोधायची. जाड ई तारेवर सातवा फ्रेट, ए तारेवर सहावा, डी तारेवर पाचवा, ही ट्यून तीन पट्ट्यांत फिरते, त्यांचे तिन्ही ‘सा’ इथे तीन फ्रेटच्या आत बसलेत, हात हलवायलाच नको. मग दोन कॉर्डचा तुकडा हळू, तोच तुकडा एकदा वेगात, थांबायचं, हात झटकायचा, पुढचा तुकडा.

आणि हो, तीन ‘सा’. रागांचा मुद्दा अगदीच खोटा नाही, म्हणूनच जास्त चिडचिड होते. कोल्ट्रेनच्या सोलोत सा रे ग प हा तुकडा इतक्यांदा येतो की भूप शिकलेल्या कोणाचेही कान टवकारतील, आणि लहानपणी पेटीच्या क्लासला गेल्याचा मला इथे खरंच फायदा झाला, स्वर आधी गळ्यात आला की बोटांना सापडतो. पण आपला सा तानपुऱ्यावर बसलेला असतो, तो तास-दीड तास हलत नाही. इथे पहिल्या पाच कॉर्डमध्येच सा पांढरी सातवरून पांढरी पाचवर आणि तिथून काळी दोनवर येतो, दोन सेकंदही होत नाहीत तोवर. सवाईच्या मंडपात कोणी अशी पट्टी बदलत गायला लागलं तर तानपुरेवाले उठून वड्याच्या रांगेत जातील. तेव्हा भूप येतो म्हणजे हे ‘आलंच’ असं नाही, भूप तीन पट्ट्यांत, वाटेतल्या कॉर्डसकट, न अडखळता आला पाहिजे.

विशीचं काय बोलायचं, जॅझ गिटारमधलं मोठं नाव असलेल्या वेस मॉन्टगोमेरीने गिटार गंभीरपणे घेतली तीच विशीच्या आसपास, नोटेशन वाचता येत नव्हतं, आणि वाजवायचा अंगठ्याने. पुढे.

भाच्याने काल त्या मित्राला, ज्याने ही रील ग्रुपवर टाकली होती, विचारलं की तुझे एकवीस दिवस कुठपर्यंत आले. उत्तर आलं, "अरे माझ्याकडे गिटारच नाहीये, मला वाटलं तुला उपयोगी पडेल."